नऊ माणसांच्या घरासाठी वॉशिंग मशीन: रोजच्या दोन खेपा, नर्मदेचे पाणी आणि उघडणारा टब

मोठ्या कुटुंबासाठी वॉशिंग मशीन घ्यायला गेले की दुकानात पहिला प्रश्न किलोंचा विचारला जातो. माझ्या मते पहिला प्रश्न खेपांचा असायला हवा. मशीन एका वेळी किती कपडे धुते यापेक्षा ते वर्षाकाठी किती वेळा फिरणार आहे, यावर त्याचे आयुष्य ठरते. आणि हा हिशेब दुकानात कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून तो आधी मांडते.

आमचे घर इंदूरच्या सुदामा नगरातले, तीन पिढ्यांचे आणि नऊ माणसांचे आहे. एका माणसाचे दिवसाचे कपडे, टॉवेल धरून, कोरडे असताना साधारण एक किलो भरतात. शाळेचे गणवेश धरले तर थोडे अधिकच. चादरी, अभ्रे आणि पडदे वेगळे. आठ किलोच्या मशीनमध्ये खरोखरच आठ किलो कपडे कोंबले तर ते नीट निघत नाहीत, कारण ड्रमच्या फिरण्याबरोबर कपडे वर जाऊन खाली आपटायला मोकळी जागा लागते. सहा किलोंच्या आसपास थांबणे बरे. म्हणजे आमच्याकडे रोज दोन खेपा, वर्षाला सुमारे 730. युरोपात 2010 साली आलेल्या ऊर्जा-लेबलाच्या नियमांत घरगुती मशीनसाठी वर्षाला 220 खेपा गृहीत धरल्या होत्या. त्या मापाने दहा वर्षांचे काम, म्हणजे 2,200 खेपा, आमच्या घरात तीन वर्षांत उरकते. चार माणसांच्या शेजारघरातून “बारा वर्षे झाली, मशीनला हात लावावा लागला नाही” असे कोणी सांगितले, तर ते खरेच असते. पण आपल्या घराला ते लागू पडत नाही.

या हिशेबातून मी एकच निष्कर्ष काढते, आणि पुढचे सगळे परीक्षण त्यावर उभे आहे. मोठ्या घरातले मशीन कधी ना कधी बिघडणारच, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. टिकाऊ मशीन म्हणजे बिघडल्यावर थोडक्या पैशांत, आपल्याच गावात, पुन्हा उभे राहणारे मशीन. आमच्याकडे सध्या आठ किलोचे एक फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेले, आणि त्याच्या जोडीला धुण्याचा व पिळण्याचा टब वेगळा असलेले एक साधे सेमी-ऑटोमॅटिक आहे, आणि ही जोडी एका महागड्या, भल्यामोठ्या मशीनपेक्षा आम्हाला अधिक उपयोगी पडली आहे. फ्रंट लोडच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मी ज्या गोष्टी पाहून ते निवडले त्या एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगवेगळ्या असू शकतात, आणि नाव वाचून वाचकाने भलतेच मॉडेल घरी आणू नये.

त्या गोष्टींतली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे टब. फ्रंट लोडमध्ये कपड्यांचा स्टीलचा ड्रम असतो, तो बाहेरच्या प्लास्टिकच्या टबमध्ये आडवा फिरतो. ड्रमच्या पाठीमागे तीन पायांचा, बहुधा ॲल्युमिनियमचा, एक आधार असतो. त्याला मेकॅनिक स्पायडर म्हणतात. स्पायडरच्या मधल्या दांड्यावर दोन बेअरिंग आणि त्यांच्यापुढे रबराचे ऑइल सील बसवलेले असते. ओल्या कपड्यांचे सगळे वजन या दांड्याच्या एका टोकाला लटकलेले असते, आणि पिळताना तेच वजन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांनी फिरते. सील झिजले की पाणी बेअरिंगपर्यंत पोचते, ग्रीस वाहून जाते, गंज धरतो आणि मशीन पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज करू लागते. जास्त चालणाऱ्या फ्रंट लोडचे हे सर्वांत ठरलेले दुखणे आहे. ते वाईट मशीनचेच लक्षण असते असे नाही. पुरेशा खेपा झाल्या की चांगल्या मशीनलाही ते होते.

आता प्रश्न असा की ते दुरुस्त कसे होते. बाहेरचा टब दोन अर्ध्या भागांचा असतो. हे भाग स्क्रूंनी जोडलेले असतील तर मेकॅनिक टब उघडतो, जुनी बेअरिंग ठोकून काढतो आणि नवी बसवतो. अनेक मशीनांत ही बेअरिंग 6205 किंवा 6206 अशा ठरलेल्या क्रमांकांची असतात आणि ती बेअरिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात मिळतात. सील मात्र त्या त्या मॉडेलचेच लागते. पण हल्ली पुष्कळ मशीनांत टबचे दोन्ही भाग कारखान्यातच वितळवून कायमचे जोडलेले असतात. असा टब उघडत नाही. काहीशे रुपयांच्या बेअरिंगसाठी ड्रमसकट अख्खा टब बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च ऐकला की लोक नवेच मशीन घेतात. आमच्या घरातले आधीचे मशीन याच कारणाने गेले. मोटर उत्तम, सर्किट उत्तम, आणि टब मात्र उघडत नव्हता. आमच्या भागात वर्षानुवर्षे दुरुस्तीचे काम करणाऱ्या मेकॅनिकने त्या वेळी सांगितलेले वाक्य मी जसेच्या तसे देते: “भाभीजी, नई मशीन लो तो फीचर बाद में पूछना, पहले ये पूछो कि टब खुलता है कि नहीं.”

दुकानातल्या विक्रेत्याला हे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही, कारण त्याला ते माहीत असण्याचे कारण नसते. जेल रोडवरच्या दुकानांत आणि मोठ्या साखळी दुकानांतही मला मॉडेलागणिक रंग, स्पीड आणि मोबाइल ॲप यांची माहिती मिळाली, टबची मिळाली नाही. यावर एक उपाय आहे आणि तो घरी बसून करता येतो. ज्या मॉडेलचा विचार आहे त्याचा पूर्ण क्रमांक घेऊन त्याचे सुटे भाग कोणकोणते विकले जातात ते पाहावे. बेअरिंग आणि सील वेगळे विकले जात असतील तर टब उघडणारा असण्याची शक्यता चांगली असते; नुसती “टब असेंब्ली” दिसली तर समजून घ्यावे. त्यानंतर कंपनीच्या नव्हे, मोहल्ल्यातल्या मेकॅनिकला तोच क्रमांक दाखवून विचारावे. हा माणूस रोज हीच मशीने उघडतो, आणि कोणती उघडत नाहीत हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

मोटरवरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीला मात्र मी फारसे वजन देत नाही. एलजीने 1998 साली ड्रमला थेट जोडलेली, पट्ट्याशिवाय चालणारी मोटर आणली, आणि आता इन्व्हर्टर मोटर जवळजवळ सगळ्याच कंपन्या देतात. या मोटरी खरोखर चांगल्या आहेत. कार्बन ब्रश नसल्यामुळे ते झिजण्याचा प्रश्न उरत नाही आणि आवाजही कमी होतो. पण मोटर ही मशीनमधली फार क्वचित बिघडणारी वस्तू आहे. दहा वर्षांची वॉरंटी सहसा फक्त मोटर या सुट्या भागाची असते; बेअरिंग, सर्किट, पाणी बाहेर फेकणारा ड्रेन पंप, दाराचे रबर आणि मजुरी यांची ती नसते. म्हणून बिलासोबत मिळणाऱ्या कागदावर “सर्वसमावेशक वॉरंटी” किती वर्षांची आहे तेवढेच वाचावे. ती काही ठिकाणी दोन वर्षे आहे, काही ठिकाणी चार. आणि आमच्यासारख्या घरात, जिथे चार वर्षांत जवळजवळ तीन हजार खेपा होतात, हा फरक फार मोठा आहे. सुटे भाग किती वर्षे मिळतील याचे लेखी आश्वासन कंपनी देत असेल, तर ते मला मोटरच्या दहा वर्षांपेक्षा मोलाचे वाटते.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे इंदूरकरांना बाहेरच्या शहरातल्या माणसाचा सल्ला पुरत नाही. आपल्याकडे सुमारे 70 किलोमीटरांवरच्या जलूदहून नर्मदेचे पाणी येते, तेही बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड. उरलेली गरज बोरिंगवर भागते. माळव्याच्या काळ्या खडकातून येणारे बोरिंगचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. ज्या घरांत बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो त्यांना हे वेगळे सांगायला नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 मिलिग्रॅम दिली आहे. मशीनला त्रास त्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो. जड पाण्यात साबण नीट विरघळत नाही, म्हणून माणूस तो वाढवतो. न निघालेला साबण कपड्यांत आणि टबच्या मागच्या बाजूला साचतो, आणि त्याच्या अल्कलीने स्पायडरचे ॲल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. पाणी तापवले की क्षार हीटरवर बसतात, हीटर जाड होतो आणि एक दिवस जळतो.

पुष्कळ घरांत गच्चीवर दोन टाक्या असतात, एक नर्मदेची आणि एक बोरिंगची. मशीनची जोडणी नर्मदेच्या टाकीवरच करून घ्यावी, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. प्लंबर सोयीसाठी जवळची लाइन जोडून मोकळा होतो, म्हणून त्या वेळी स्वतः उभे राहावे. जिथे नर्मदेची लाइनच नाही तिथे पाण्याचा जडपणा काढणारा, मिठाने भरला जाणारा छोटा सॉफ्टनर मशीनच्या आधी बसवावा, आणि त्याचे मीठ संपले की भरावे. रिकामा सॉफ्टनर नुसता टांगलेला असतो. दर महिन्याला मशीन रिकामे ठेवून, सायट्रिक ॲसिड घालून, गरम पाण्यावर एकदा चालवले की हीटरवरचा थर बराच सुटतो. आमच्याकडे हे काम अमावस्येला ठरवून टाकले आहे, त्यामुळे ते विसरले जात नाही.

पाण्याचा दाबही इथेच पाहावा. अनेक फ्रंट लोड मशीनांना किमान 0.3 बार दाब लागतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा साधारण तीन मीटर तरी उंच असायला हवी. मशीन वरच्या मजल्यावर आणि टाकी त्याच गच्चीवर बुटक्या ओट्यावर असेल, तर पाणी रेंगाळत भरते, मशीन मध्येच थांबते आणि पडद्यावर पाणी नसल्याची खूण दाखवते. अशा तक्रारीत मशीन निर्दोष असते. एक तर टाकी उंच करावी, नाही तर छोटा प्रेशर पंप लावावा, किंवा मशीन खालच्या मजल्यावर ठेवावे. आम्ही ते तळमजल्यावरच ठेवले, आणि स्पिनच्या वेळी स्लॅब थरथरण्याचा प्रश्नही त्यामुळे उद्भवला नाही.

वरून झाकण उघडणाऱ्या टॉप लोडचा विचार आम्ही नीट केला होता. त्याचे गुण खरे आहेत: वाकावे लागत नाही, खेप तासाभरात आटोपते, राहिलेला मोजा मध्येच टाकता येतो, आणि हीटर नसलेले मॉडेल घेतले तर बोरिंगचे पाणीही ते बऱ्यापैकी सोसते. पण आठ किलोच्या टॉप लोडला एका खेपेला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी सहज लागते, तर त्याच मापाचे फ्रंट लोड साठ लिटरांच्या आसपास काम करते. दोन खेपांचा फरक दिवसाला दीडशे लिटरांच्या घरात जातो, आणि नळ एक दिवसाआड येत असेल तर दोन नळांच्या मध्ये तीनशे लिटरांचा. हजार लिटरांच्या टाकीवर नऊ माणसे राहत असताना हा आकडा सोडून देण्याजोगा नाही. स्टार लेबलावर दर किलोमागे, दर खेपेमागे किती लिटर पाणी लागते ते छापलेले असते. नुसते तारे मोजण्यापेक्षा ती ओळ वाचावी. शिवाय फ्रंट लोडमध्ये सुती कपडे कमी झिजतात. टॉप लोडच्या तळाची चकती कपडे पिळवटते, आणि आजींची नऊवारी, जी सव्वाआठ मीटरांच्या आसपास लांब असते, तिच्यात इतर सगळे कपडे गुंडाळून बाहेर येते. फ्रंट लोडमध्ये ती जाळीच्या पिशवीत घालून सुखरूप निघते.

आता जोडीच्या सेमी-ऑटोमॅटिकविषयी, कारण त्याची आठवण काढली की लोकांना आपण मागे चाललो आहोत असे वाटते. मला ते अजिबात मान्य नाही. दोन टब, दोन मोटरी, दोन टायमर, एक पट्टा, एवढ्यावर हे मशीन चालते. त्यात सर्किट नसते, पाण्याच्या दाबाची अट नसते, बादलीने पाणी ओतले तरी चालते. टायमर, कॅपॅसिटर किंवा ब्रेकची वायर गेली तर कोणताही मेकॅनिक त्याच दिवशी, थोडक्या पैशांत, घरी येऊन काम करून देतो. त्यातले साबणाचे पाणी पुढच्या खेपेला पुन्हा वापरता येते, आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी. रंगपंचमीच्या गेरीहून, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीहून, मुले राजवाड्यावरून परतली की त्यांचे कपडे मी फ्रंट लोडच्या दारालाही लागू देत नाही, कारण तो पक्का रंग दाराच्या रबराच्या घडीत जाऊन बसतो आणि पुढच्या पांढऱ्या कपड्यांवर उतरतो. गोधड्यांचेही तसेच. आमच्या आजी म्हणतात, “गोधडी त्या बंद दाराच्या मशीनमध्ये घालू नकोस गं, भिजली की तिचं ओझं होतं,” आणि यांत्रिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. भिजलेली गोधडी ड्रममध्ये एका बाजूला गोळा होते आणि पिळताना तो सगळा तोल त्याच बेअरिंगवर येतो. जड, मळके आणि रंग सोडणारे धुणे सेमी-ऑटोमॅटिककडे गेल्यामुळे मुख्य मशीनचे आयुष्य वाढते, आणि मुख्य मशीन दुरुस्तीला पडले तरी घरातले धुणे अडत नाही. नऊ माणसांच्या घरात दोन दिवस धुणे तुंबले तर काय होते, हे त्या घरात राहणाऱ्या बाईलाच कळते.

पैशांचा हिशेब असा. दहा-अकरा किलोचे फ्रंट लोड साधारण पंचेचाळीस हजारांच्या पुढे जाते. आठ किलोचे बिनझगमगाटाचे फ्रंट लोड तीस-पस्तीस हजारांत आणि सात-आठ किलोचे सेमी-ऑटोमॅटिक दहा ते तेरा हजारांत येते. म्हणजे दोन्ही मिळून खर्च जवळपास तोच. वाफेची धुलाई, ॲप, स्वतः साबण ओतणारी टाकी यांवर जादा पैसे घालण्यापेक्षा ते दुसऱ्या मशीनवर घालावेत. विस्तारित वॉरंटी घ्यायची असेल तर ती कंपनीचीच घ्यावी, आणि तीत टब व बेअरिंग यांचा उल्लेख आहे का ते पाहूनच घ्यावी.

मशीन घरी आल्यावर पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट काढले गेले आहेत, याची खात्री करावी. ते राहिले तर पहिल्याच स्पिनला मशीन नाचते. चारही पाय जमिनीला टेकलेले असावेत, लेव्हल लावून पाहावी. हीटरचे मशीन दोन हजार वॉटच्या आसपास ओढते, म्हणून 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि खरे अर्थिंग हवे. सासूबाईंना वाकायला त्रास होतो म्हणून आम्ही मशीनखाली विटांचा पक्का ओटा बांधून घेतला. चाकांच्या स्टँडवर फ्रंट लोड ठेवू नये, ते हलते आणि हलण्याने शॉक ॲब्सॉर्बर लवकर बसतात. साबण फ्रंट लोडचाच, कमी फेसाचा, आणि डब्यावर लिहिलेल्या मापापेक्षा थोडा कमी. खेप संपली की दार उघडे ठेवावे, रबराची घडी पुसावी, खालची जाळी आठवड्याला काढून धुवावी; मुलांच्या खिशांतली नाणी, पिना आणि पेनांची टोपणे तिथेच सापडतात आणि ड्रेन पंप वाचतो. हे नियम आमच्याकडे मशीनच्या वर कागदावर लिहून चिकटवले आहेत, कारण नऊ माणसांच्या घरात मशीन एकच हात चालवत नाही.

ज्यांच्याकडे एकाच मशीनची जागा आहे, विशेषतः नव्या फ्लॅटमधल्या मंडळींकडे, त्यांनी नऊ किंवा दहा किलोचे, उघडणाऱ्या टबचे फ्रंट लोड घ्यावे आणि गोधड्या व सतरंज्या वर्षातून दोनदा बाहेर धुवायला द्याव्यात. जिथे फक्त बोरिंगचे पाणी आहे आणि सॉफ्टनरची देखभाल होण्यासारखी नाही, तिथे मात्र मी हीटर नसलेले टॉप लोडच सुचवीन, जास्त पाणी लागते हे धरूनही. आणि दोन्ही बाबतींत पैसे देण्याआधी मॉडेलचा क्रमांक कागदावर उतरवून आपल्या मेकॅनिकला दाखवून यावा. त्याला दोन मिनिटे लागतात.